देवी बोलते तेव्हा सगळे ऐकतात

सकाळची विरार लोकल. वसईची खाडी येईपर्यंत बायकांच्या डब्यात भजनाने चांगला जोर धरलेला असतो. गाणाऱ्या बायका पहाटे ४ ला उठून, डबे भरून, पाणी साठवून आलेल्या. कुणाचा नवरा पितो, कुणाचं सासूशी जमत नाही. पण टाळ वाजायला लागले की चेहरे निवळतात. रोज त्याच बायका, तीच जागा. एखादी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो. मानसोपचारवाले ज्याला आधारगट म्हणतात, तो याहून वेगळा काय असतो?

म्हणून देवधर्म करणाऱ्या बाईला सरसकट अडाणी म्हणणारे लोक मला पटत नाहीत. जीवदानीच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढून गेलं की मन हलकं होतं, हे मी स्वतः अनुभवलंय. आमच्या वसईतल्या ख्रिस्ती मैत्रिणी कन्फेशन करून आल्यावर हेच सांगतात. कुणीतरी ऐकून घेतलं, ही भावनाच मोठी असते.

पण मैत्रिणींनो, ऐकून घेणं कुठे संपतं आणि भीती घालणं कुठे सुरू होतं?

नवरात्रात आरतीच्या वेळी घुमणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. एरवी जिचं घरात कुणी ऐकत नाही, ती अंगात आल्यावर बोलते आणि सासूसुद्धा हात जोडून उभी राहते. मानसशास्त्र सांगतं की यात बहुतेकदा ढोंग नसतं. दाबून ठेवलेलं मन अशी वाट शोधतं आणि त्या वेळचं तिला नंतर आठवतही नाही. मला त्रास होतोय, हे सांगायला बाईला देवीचा आवाज लागतो, ही खरी दुखरी जागा आहे. अशा बाईची टिंगल करून काय मिळणार?

दुसरं उदाहरण जास्त गंभीर. बाळंतपणानंतर बाई रडत बसते, झोपत नाही, बाळाला जवळ घेत नाही. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा आहे, भगताकडे न्या. अंगारा, कोंबडं, पैसे, महिन्यामागून महिने. खरं तर हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असतं. ते उपचाराने बरं होतं. दुर्लक्ष केलं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

यावर आपल्या राज्यात कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याविषयी उगाच गैरसमज आहेत. भजन, कीर्तन, प्रवचन, वारी, प्रदक्षिणा यांना त्यात हात लावलेला नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं, अंगात आल्याचं सांगून इतरांना धाक घालणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली. त्यामागे एक भयंकर आठवण आहे. तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या आश्रमात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या २८ रुग्णांना पळताही आलं नाही.

दर्गा म्हटलं की एवढंच आठवू नये. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं आणि दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसवले. दुआ घ्या आणि शेजारच्या खोलीत गोळीही घ्या! आपल्याकडे देवळात, चर्चमध्ये असं का होऊ नये? बाई डॉक्टरच्या आधी तिथेच जाते. तिथल्या माणसाने एवढंच म्हणायचं, ‘पूजा कर, पण डॉक्टरकडेही जा.’ औषध बंद कर म्हणणारा असेल, तर तो कितीही मोठा महाराज असो, मी तरी तिथून चप्पल घालून निघेन.

डॉक्टरकडे जायचं म्हटलं तरी आपली अडचण असतेच. ‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद ऐकतच आपण मोठ्या झालो. मनाच्या डॉक्टरची पायरी चढली की वेडी ठरण्याची भीती, मुलीच्या लग्नाची काळजी. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा दर १० प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला आणि त्यातल्या बहुतेकांना उपचारच मिळत नव्हते. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे. १४४१६ वर फोन करायचा. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

हा नंबर मी नालासोपाऱ्याच्या एका मैत्रिणीला दिला होता. महिन्याने विचारलं तर म्हणाली, ‘फोन फुकट आहे गं, पण बोलू कुठे? एका खोलीत आम्ही सहा जण.’ शेवटी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने ती गच्चीवर गेली आणि तिथून बोलली. पंचवीस मिनिटं. खाली आली तेव्हा सासूने विचारलं, चार कपड्यांना एवढा वेळ?