निकष धर्म नव्हे, गरज



निर्वासितांवरील आपल्या लेखातील दोन विधाने वस्तुस्थितीला धरून नाहीत.

कॅथलिक-प्रोटेस्टंट एकत्र येत नाहीत? इटलीत सांत एजिदियो ही कॅथलिक संघटना, प्रोटेस्टंट चर्चचा महासंघ आणि वाल्डेन्सियन चर्च यांनी डिसेंबर २०१५ मध्ये सरकारशी करार केला. त्यानुसार फेब्रुवारी २०१६ पासून सीरियन कुटुंबे लेबनॉनहून रीतसर व्हिसा घेऊन विमानाने रोमला उतरू लागली.

फक्त ख्रिस्ती लोकांनाच नेतात? तेथे धर्म नव्हे, गरज पाहतात. पहिल्याच कुटुंबातील मुलीला डोळ्याच्या कर्करोगावर उपचार हवे होते. आलेल्यांत मुस्लिमही पुष्कळ.

प्रवास, निवारा, भाषावर्ग यांचा खर्च या संस्थाच उचलतात. गरजेपुढे ही मदत तोकडी आहे, एवढे मान्य. पण म्हणून हेतूवर शिंतोडे कशाला?

– एक वाचक, वसई