डोकं बाजूला कशाला ठेवायचं?

आमच्या नातेवाईकांत पिक्चरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "डोकं बाजूला ठेवून बघायचा, मजा येते!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणजे पिक्चर आवडणारा माणूस बिनडोक, असंच ना?

'स्वदेस' (२००४) मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे आपल्या वाईजवळची मेणवली. 'दबंग'चं (२०१०) लालगंजही वाईतच उभं राहिलं. सातारकराला हे सगळं पाठ. मेणवलीचा घाट दिसला की तो शेजारच्याला कोपर मारून "अरे, ही तर मेणवली!" म्हणतो. आणि तोच माणूस, स्टेशनवर पाणी विकणारा पोरगा दिसला की आवंढा गिळतो. यात फसलं कोण? कोणीच नाही.

ही सवय आपल्याकडे जुनीच आहे. वाईची कृष्णा पुढे सांगलीला जाते. तिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. सीता झालेला पुरुष आहे हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी तेवढ्या वेळापुरती ती सीताच! खोटं आहे हे माहीत असताना खरं मानायचं ठरवणं, हे काम डोक्याशिवाय कसं होणार?

दुसरे विद्वान म्हणतात, लोकांना रोजच्या कटकटीतून सुटका हवी असते. बरं. मग 'माहेरची साडी' (१९९१) का चालला? त्यात होतं काय, तर सासुरवास आणि मुलीला अपशकुनी मानणारा बाप. बायका घरचंच दुःख बघायला पैसे देऊन गेल्या की! आमच्या आत्याने सांगलीत तो तीनदा पाहिला. घरी ती कधी रडली नाही. रडली असती तर चार जणांनी कारण विचारलं असतं. थेटरात कोण विचारतंय? सगळ्याच रडत होत्या.

मला वाटतं, सिनेमा म्हणजे हेच. दुसऱ्याच्या नावावर आपलं रडून-हसून घ्यायची जागा, तीही चार लोकांत बसून, अंधारात. ती गोष्ट खोटी असते म्हणूनच हे जमतं.

पिक्चर टुकार असेल तर खुशाल टुकार म्हणा, मीही म्हणतो. पण बघणाऱ्याची अक्कल काढू नका. आणि आत्यासमोर तर नकोच नको.