नोटबंदी एका रात्रीत पोचली, मग हा नियम का नाही?



८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. पाचशे-हजाराच्या नोटा बंद. कापूस वेचणीचे दिवस होते. बायांनी डब्यात, पेटीत जपलेली मजुरी रात्रीतून नुसता कागद झाली. लोक जिल्हा बँकेकडे धावले, तर १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा सहकारी बँकांनाच जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. पाड्यावरून तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं, ९९.३ टक्के नोटा परत आल्या. मग आपल्याला रांगेत उभं केलं ते कशासाठी?

२ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाचपैकी चार न्यायाधीशांनी नोटबंदी कायदेशीर ठरवली. न्या. नागरत्ना यांचं मत वेगळं होतं : नुसती अधिसूचना काढून सरकारला हे करता येत नाही, त्यासाठी कायदा लागतो. आपणही तेच म्हणतो. जंगलाचा असो की पैशाचा, लोकांच्या जगण्यावरचा निर्णय लोकांना विचारूनच व्हायला पाहिजे.

आता दुसरी बाजू बघा. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हे बरंच आहे, नाहीतर जमीन कधीच सावकाराच्या घशात गेली असती. पण याच कारणावरून बँकेतला साहेब म्हणतो, "तारण काय देणार? सातबारा आणा." म्हणून माणूस परत सावकाराच्या ओट्यावर.

रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे : १ जानेवारी २०२५ पासून शेती आणि जोडधंद्याच्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही. कर्ज दिलंच पाहिजे असं हा नियम म्हणत नाही. पण तारण नाही म्हणून माघारी पाठवता येणार नाही.

नोटा बंद करायचा हुकूम एका रात्रीत सातपुड्यात पोचला. हा नियम अजून बँकेच्या खिडकीपर्यंत पोचत नाही. तो पोचवायचं काम आता आपलं.

तोंडी विचारून परत येऊ नका. पट्ट्याची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा. राष्ट्रीयीकृत बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि पाड्यावरचे सगळे अर्ज एकाच दिवशी घेऊन चला.