मुखमाहात्म्य

मनुष्याला तोंड एकच; परंतु मराठी भाषेने त्या एका तोंडाकडून जितकी कामे करवून घेतली आहेत, तितकी दहा तोंडांच्या रावणालाही झेपली नसती. शूर पुरुष संकटाला तोंड देतो, भित्रा तोंड लपवतो. लबाड मनुष्य दुसऱ्याच्या तोंडाला पाने पुसतो, तर अतिशहाणा स्वतःच तोंडघशी पडतो. आळशी विद्यार्थ्याची पुस्तकाशी केवळ तोंडओळख असते. म्हणून तोंडी परीक्षेच्या दिवशी त्याच्या तोंडचे पाणी पळते.

या साऱ्या वाक्प्रचारांत तोंड दिसते कसे, याची चौकशी नाही. ते करते काय, एवढेच पाहिले जाते. नकटीच्या लग्नाची सतराशे विघ्ने नाकाच्या खात्यावर जमा आहेत. त्यांत तोंडाचा दोष नाही. 'तोंड काळे होणे' यात रंगाचा उल्लेख येतो खरा. पण तो काळिमा दुष्कृत्याचा असतो, कातडीचा नव्हे.

लोकव्यवहार मात्र इतका समंजस नाही. त्वचेचा रंग तिच्यातील मेलॅनिन या द्रव्यावर अवलंबून असतो आणि हे द्रव्य उन्हापासून शरीराचे रक्षण करते. तरीही या रक्षकालाच हाकलून देण्यासाठी मलमांच्या डब्या खपतात. २०२० साली अशा एका प्रसिद्ध मलमाने आपल्या नावातील गोरेपणाचा शब्द गाळला. डबी मात्र बाजारातच राहिली! शाळेच्या अंगणात एखाद्या मुलीला तिच्या रंगावरून हाक मारली जाते, तेव्हा ती तोंडातून शब्द काढत नाही. तिचे उतरलेले तोंडच सारे सांगते. हाक मारणाऱ्यांना तेवढे वाचता येऊ नये, हे त्यांच्या शिक्षणाला शोभत नाही.

आषाढी एकादशीला लक्षावधी वारकरी पंढरपुरास जातात. पदस्पर्शाच्या लांबलचक रांगेत उभे राहणे ज्यांना शक्य नसते, ते मुखदर्शनावर समाधान मानतात. क्षणभर दिसणारे ते मुख काळ्या पाषाणाचे असते. 'देव थोडा उजळ असता तर बरे झाले असते,' असे म्हणत कोणीही परतत नाही. परंतु घरी आल्यावर त्यांच्यापैकीच कोणी मुलासाठी स्थळे पाहू लागतो आणि पहिलाच प्रश्न करतो, "मुलगी गोरी आहे ना?"

ज्या डोळ्यांनी पंढरीस मुखदर्शन घेतले, त्याच डोळ्यांनी घरी सूनमुख पाहावे. वाटेत चष्मा बदलण्याचे काहीच कारण नाही.