फिरतीची नोकरी आणि घरचा सरडगुहिरा

फिरतीच्या नोकरीवरच्या माणसाने घरी काय पाळावे, हा प्रश्न पूर्वी फारसा कोणाला पडत नसे. यजमान दौऱ्यावर गेले तरी मागे आई असे, बायको असे, दोन-चार भावंडे असत, आणि कोणीच नसले तर शेजारच्या काकू होत्याच. पोपटाला मिरची आणि मांजराला दूध कोणी ना कोणी घालीच. आता एकट्याचे बिऱ्हाड, दाराला कुलूप आणि सोमवारी पहाटेचे विमान! कुत्रा पाळावा तर तो दाराशी बसून रडतो. मांजर पाळावे तर महिन्याभरात ते शेजाऱ्यांचे होते. अशा वेळी कोणीतरी शहाणा सांगतो, "सरडगुहिरा पाळ की! त्याला तुझी आठवण यायची नाही."

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला हाच सल्ला मिळाला आणि त्याने तो मानला. तो अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. नोकरी सल्लागाराची. म्हणजे सोमवारी पहाटे निघायचे, परक्या गावच्या कचेरीत लोकांना शहाणपण सांगायचे आणि गुरुवारी रात्री घरी येऊन पडायचे. त्याने आणला तो येमेन आणि सौदी अरबस्तानच्या डोंगराळ भागातला, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असलेला नर. नर का, तर या जातीच्या माद्या नराशिवायही अंडी घालतात. अंडी घालायला खणण्याजोगी ओलसर वाळू मिळाली नाही तर ती पोटात अडकून मादी मरते. मालक विमानात असताना हे बाळंतपण कोणी करायचे? नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासून एक बारीकसा काटा असतो. तो पाहून घ्यावा म्हणजे फसगत होत नाही.

येथेच वाचकांना एक गोष्ट बजावून ठेवतो. नाहीतर दिवाळीच्या सुटीत गावी गेलेली मुले कुंपणावरचा सरडगुहिरा खोक्यात घालून मुंबईला आणायची! आपल्याकडचा सरडगुहिरा, ज्याला काही ठिकाणी घोयरा म्हणतात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला परदेशी प्राणी पाळायचा असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. तो विषारी असतो, ही समजूत मात्र निखालस खोटी आहे. त्या समजुतीपायी बिचारा उगाच दगड खातो.

तर या प्राण्याला आठवण येत नाही, हे खरे. तो जन्माचा एकलकोंडा आहे. दुसरा सरडगुहिरा समोर दिसला तरी त्याचा जीव खालीवर होतो, आणि माणसाने वरचेवर हातात घेतलेलेही त्याला सोसत नाही. परंतु आठवण न येणे वेगळे आणि गरज नसणे वेगळे. त्याची पहिली अडचण पाण्याची. वाटीत ठेवलेले पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब दिसला तरच तो जीभ लावतो. म्हणून दिवसातून निदान दोनदा पिंजऱ्यातल्या झाडांवर चांगले भरपूर तुषार उडवावे लागतात. पिंजराही काचेच्या पेटीचा नव्हे. चार फूट उंच, दोन फूट लांब-रुंद, जाळीचा, हवा खेळणारा हवा. वर एक ऊब देणारा दिवा. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांचा दुसरा दिवा, कारण ते किरण नसले तर कितीही चुना खाऊ घातला तरी हाडे मऊ पडतात. हा दिवा मोठा लबाड! त्यातले किरण संपले तरी उजेड पडतच राहतो, म्हणून दुकानदार सांगेल त्या मुदतीने तो बदलावा लागतो.

खाणे त्या मानाने सोपे. मोठ्या झालेल्या नराला एक दिवसाआड चुन्याची पूड लावलेले रातकिडे पुरतात, आणि येमेनी जात तर जास्वंदीची पानेही चावते. पण चार दिवसांचे रातकिडे एकदम सोडून निघून जावे म्हटले तर तेही जमत नाही. उरलेले किडे रात्री झोपलेल्या सरडगुहिऱ्यालाच चावतात.

आमच्या भाच्याने या साऱ्यावर यंत्रे बसवली. दिवे घड्याळावर लागत, तुषार घड्याळावर उडत, आणि एक कॅमेरा विमानतळावर बसलेल्या मालकाला पिंजरा दाखवी. गेल्या वर्षी ताई सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेली. पहिला आठवडा ती त्या खोलीत पाऊलही टाकीना. "एक डोळा माझ्याकडे आणि एक खिडकीकडे, असल्या प्राण्यासमोर मी जपाला बसू कशी?" असे तिने मला फोनवर विचारले होते. पुढे मात्र सकाळचा चहा ती त्याच्यासमोर घेऊ लागली. थंडीने काळसर झालेला तो दिव्याखाली तापून हिरवा होतो, हे तिने कोणी न सांगता ओळखले. (रंग बदलतो तो लपण्यासाठी, हे आपण शाळेत घोकले. खरे कारण बरेचसे ऊब आणि मनःस्थिती यांत असते. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीत दाखवून दिले, की कातडीतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधले अंतर बदलले की रंग बदलतो.)

एका बुधवारी तिला त्याचे डोळे खोल गेलेले दिसले. विष्ठेतला नेहमीचा पांढरा भाग नारिंगी पडला होता. तिने मुलाला फोन केला. तो बैठकीत होता. म्हणाला, "आई, मी आत्ताच कॅमेऱ्यात पाहिले, बसला आहे फांदीवर." फांदीवर तो बसणारच! रानात आजारी दिसणारा प्राणी दुसऱ्याच्या पोटात जातो, म्हणून ही जात शेवटपर्यंत दुखणे लपवते. ताईने पानांना हात लावून पाहिला. ती कोरडी होती. पंप घरघर करीत होता, पण तुषारनळीच्या तोंडात पाण्यातला क्षार बसला होता. तिने कपड्यांना पाणी मारायची बाटली घेतली आणि कोमट पाण्याने अर्धा तास झाडे भिजवली. मनगट दुखू लागले तेव्हा हात बदलला. शेवटी तो पानाशी तोंड नेऊन पिऊ लागला. गुरुवारी रात्री मुलगा आल्यावर दोघे त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होते.

ताईची परतीची तारीख जवळ आली तसा मायलेकांत वाद सुरू झाला. मुलगा म्हणे, दोन पंप बसवतो. ताई म्हणे, "दोन नव्हे, दहा बसव, पाहणार कोण?" माझे मत विचाराल तर ताईच्या बाजूने आहे. रोज एकदा पिंजऱ्यासमोर उभे राहणारे माणूस ज्याला मिळत नाही, त्याने हा प्राणी आणू नये. आणि आणला असेल तर तो जाणत्या हाती सोपवावा. उघड्यावर मात्र कदापि सोडू नये. फ्लॉरिडात अशा सोडलेल्या आणि निसटलेल्या येमेनी सरडगुहिऱ्यांनी वस्ती केली आहे.

अखेर शेजारच्या इमारतीत राहून शिकणारी एक तेलुगू मुलगी तयार झाली. सोमवार ते गुरुवार रोज वीस मिनिटे, ठरवून पैसे घेऊन. ताईने निघण्यापूर्वी तिला चार दिवस शेजारी उभे करून शिकवले. पाने ओली आहेत का? डोळे भरलेले आहेत का? दिवसा डोळे मिटून तर बसला नाही ना? उरलेले किडे काढले का? आणि शेवटी साबणाने हात धुतले का? कारण या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात.

आता ताई पुण्यात आहे. भारतातली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. त्या वेळी ती मुलगी फोन करते आणि काही न बोलता तो पिंजऱ्यासमोर धरते. ताई आधी चष्मा लावते. "जरा डावीकडे घे ग, पाने दिसू देत," म्हणते. मुलाचा फोन त्यानंतर, रात्री उशिरा येतो.