शस्त्रक्रिया शक्य; पण रक्ताचे काय?

आठवा-नववा महिना लागलेली गर्भवती पोटाच्या वरच्या डाव्या बाजूला कळ येऊन अचानक कोसळते. नाडी जलद चालू लागते, रक्तदाब उतरतो. वार सुटली असावी किंवा गर्भाशय फाटले असावे, असा कयास करून प्रसूतितज्ज्ञ पोट उघडतात. गर्भाशय मात्र शाबूत असते आणि रक्त वरून, जठराच्या मागच्या बाजूने येत असते. प्लीहेला (बोलीभाषेत पाणथरीला) रक्त पुरविणाऱ्या धमनीवरील फुगा फुटल्याची ही अवस्था. वैद्यकशास्त्राला हा धमनीविस्फार १७७० पासून ठाऊक आहे; पण तो इतका दुर्मिळ, की बहुतेक शल्यविशारदांना तो फुटलेल्या अवस्थेत आयुष्यात एखाद्या वेळीच पाहावा लागतो.

उदरातील धमनीविस्फारांत महाधमनी व कटिभागातील धमन्यांच्या खालोखाल या धमनीचा क्रमांक लागतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे चौपट आहे. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे धमनीची भिंत दुबळी होते आणि त्याच काळात रक्तप्रवाह वाढतो. म्हणूनच फुगा फुटण्याचा धोका अखेरच्या तिमाहीत सर्वाधिक. तोवर तो बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. गरोदरपणी तो फुटल्यास सुमारे ७५ टक्के माता आणि ९५ टक्के बालके दगावतात, असे जुने वैद्यकीय वाङ्मय सांगते. अलीकडे यात सुधारणा झाली असली, तरी आकडे धडकी भरविणारेच आहेत.

यात एक गोष्ट मात्र रुग्णाच्या बाजूची आहे. सुमारे पाव रुग्णांमध्ये हा फुगा दोन टप्प्यांत फुटतो. पहिला रक्तस्राव जठरामागील लहानशा पोकळीत साठतो, तिथे गुठळी होते आणि रक्तस्राव काही काळ आपोआप थांबतो. रुग्ण सावरल्यासारखी वाटते. काही तासांनी, क्वचित दोन-चार दिवसांनी, ती गुठळी दाद देईनाशी होते आणि रक्त सबंध उदरात पसरते. मधला हा अवधी म्हणजेच वाचविण्याची वेळ. ‘पित्त झाले असेल’ म्हणून तो हातचा जाऊ शकतो. साधी सोनोग्राफी केली, तरी पोटात साठलेले रक्त दिसण्याची शक्यता असते.

शस्त्रक्रियेचे तंत्र तसे नवे नाही. पोट मधोमध उघडून, गरज पडल्यास महाधमनी श्वासपटलाच्या खाली दाबून धरायची. रक्तस्राव आटोक्यात आणून फुग्याच्या अलीकडे व पलीकडे धमनी बांधायची. जठराकडून येणाऱ्या छोट्या धमन्यांमुळे प्लीहा बहुधा तगून राहते. फुगा प्लीहेच्या अगदी मुखाशी असेल, तर प्लीहाच काढावी लागते आणि पुढे न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आदी जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागतात. प्रकृती स्थिर असेल तर जांघेतून नळी घालून, धातूच्या बारीक वेटोळ्यांनी धमनी आतून बंद करता येते. ही सोय मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आहे. फुगा आधीच सापडला, तर प्रसूतिक्षम वयातील स्त्रियांमध्ये आकार कितीही असो, उपचार करावेत, अशी शिफारस अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनेने २०२० मध्ये केली आहे.

चिमटा लावणारा हात तालुक्याच्या ठिकाणीही मिळू शकतो. प्रश्न आहे तो रक्ताचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर रक्तपेढ्यांवरील नियंत्रण कडक झाले आणि १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. एचआयव्ही व काविळीचा फैलाव पाहता ते आवश्यकच होते. पण त्याचबरोबर नातेवाइकाचे रक्त तपासून, पेढीविना थेट रुग्णाला देण्याचा ग्रामीण डॉक्टरांचा जुना मार्गही बंद झाला. सीमाभागातील लष्करी रुग्णालयांना यातून सूट आहे. गडचिरोली वा नंदुरबारमधील शल्यविशारदाला नाही. ग्रामीण शल्यविशारदांच्या संघटनेची तक्रार नेमकी हीच आहे आणि ती सहजासहजी उडवून लावण्याजोगी नाही.

दूरध्वनी करताच रक्त पोहोचविणारी राज्य सरकारची ‘जीवन अमृत’ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. २०२२ मध्ये ती गुंडाळण्यात आली. पर्याय उरतो तो रक्त साठवणूक केंद्रांचा. परवानाधारक पेढीकडून आणलेल्या पिशव्या तेथे शीतकपाटात ठेवता येतात. अशा केंद्रात रात्री दोन वाजता तंत्रज्ञ हजर असतो का, वीज गेल्यास जनित्र चालते का आणि ‘ओ निगेटिव्ह’च्या निदान दोन पिशव्या शिल्लक असतात का, याची तालुकावार माहिती आरोग्य खात्याने जाहीर करायला हवी.