मायनरला स्पॅनिश का नको?

वर्ल्डकप आला की आपल्या पेठांत अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. २०२२ ला मेस्सीनं कप उचलला, फटाके आपण उडवले. त्याची भाषा शिकायची म्हटलं तर?

नव्या शैक्षणिक धोरणात मेजरसोबत मायनर निवडायची सोय आहे. निवडायची म्हणजे काय, बऱ्याच ठिकाणी ज्या विषयाचा मास्तर मोकळा तोच मायनर पोरांच्या गळ्यात!

स्पॅनिश वीस देशांची राजभाषा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींचा माल परदेशात जातो. उद्या मेक्सिकोचं गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशी बोलणार कोण? एका कॉलेजला शिक्षक परवडत नसेल तर चौघांनी मिळून एक नेमा, क्रेडिट विद्यापीठानं मोजावेत. बी.कॉम.ची पोरगी विचारायला आली तर ‘आपल्याकडं नाही’ म्हणून तिला माघारी धाडू नका.